लोकमान्यांची उत्तरेची वाट

कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत, रात्रीं गार वारा सुटल्यावर, घाटंजीच्या आमच्या शाळेच्या पटांगणांत उभें राहून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे ध्रुवतारा फार उंच दिसत नाहीं. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धराव्या, क्षितिजापासून साधारण तेवढ्याच उंचीवर तो असतो. आपलें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें वीस अंशांवर आहे, आणि जितके अंश आपण उत्तरेस तितकेच अंश ध्रुवतारा उंच, असा हा सरळ हिशेब आहे. उत्तरेकडे चालत राहिलें तर तो वर वर चढत जातो आणि प्रत्यक्ष ध्रुवावर थेट डोक्यावर येतो.

गेल्या हिवाळ्यांत एका विद्यार्थ्यानें नॉर्वे देशांतील आकाशाचीं हिरवीं-तांबडीं चित्रें मोबाईलवर आम्हांस दाखविलीं. त्याच्या कोणा नातलगानें तो ध्रुवप्रकाश डोळ्यांनीं पाहिला होता. आपल्या लोकांना ह्या उत्तरेच्या टोकाचें वेड केव्हांपासून लागलें, असें त्यानें विचारिलें. आज पैसे व सवड असलेल्यांना विमानानें तिकडे जातां येतें. स्पिट्सबर्गन बेटावर न्यू-ऑलेसुंड येथें आपल्या देशाचें ‘हिमाद्री’ नांवाचें संशोधनकेंद्रही इ. स. २००८ पासून आहे. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एका मराठी पुरुषानें ही यात्रा बुद्धीनें केली, आणि तिचा आरंभ तुरुंगाच्या कोठडींत झाला. त्या मुलास त्या वेळीं दोन वाक्यांत जें सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें सांगतों.

आमच्या शाळेंत टिळक म्हटलें कीं पुष्कळांस प्रथम रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात, व तें साहजिक आहे. येथें सांगावयाचे ते बाळ गंगाधर टिळक, लोकमान्य म्हणून ज्यांचें नांव घरोघर गेलें ते. त्यांचें राजकारण शाळेच्या पुस्तकांत आहेच. त्यांचीं गाजलेलीं वाक्यें मुलांना पाठ असतात, म्हणून तीं आम्ही येथें पुन्हां लिहीत नाहीं.

टिळकांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजीं झाला. वडील गंगाधरपंत शाळामास्तर होते, व गणित आणि संस्कृत ह्या दोन विषयांत त्यांचा हात धरणारे थोडे होते. पुढें मुलानें जें केलें त्याचीं दोन्ही बीजें घरांतच होतीं. इ. स. १८६६ मध्यें वडिलांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंब घाटावर आलें. थोड्याच काळांत आई गेली. १८७२ सालीं मुलगा सोळा वर्षांचा होतो न होतो तोंच वडीलही गेले. त्याच सालीं तो मॅट्रिक झाला.

ह्याच १८७२ सालची एक गोष्ट विषयाला धरून आहे, म्हणून सांगतों. त्या वर्षीं ४ फेब्रुवारीच्या रात्रीं ध्रुवप्रकाश इतका दक्षिणेस पसरला कीं तो मुंबईस दिसल्याची नोंद आहे. ज्या प्रकाशासाठीं नॉर्वेस जावें लागतें तो त्या रात्रीं आपण होऊन आपल्या दारीं आला होता! हें कसें घडतें तें थोडक्यांत असें. सूर्यापासून विद्युद्भारित सूक्ष्म कणांचा झोत नित्य निघत असतो. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. तिच्या चुंबकत्वानें ह्या कणांना वळण मिळतें आणि ते दोन्ही ध्रुवांच्या भोंवतीं कड्यासारख्या पट्ट्यांत वातावरणांत शिरतात. तेथें शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर ते प्राणवायूच्या व नत्रवायूच्या कणांवर आदळतात आणि ते कण प्रकाश देऊं लागतात. प्राणवायूचा प्रकाश खालच्या थरांत हिरवा व फार उंचावर तांबडा असतो, आणि नत्रवायूचा निळसर-जांभळा. सूर्यावर मोठें वादळ झालें कीं तें कडें फुगून दक्षिणेकडे सरकतें. दूरच्या देशांत अशा वेळीं फक्त उंचावरचा तांबडा भाग क्षितिजावर दिसतो. अशीच तांबूस छटा १० व ११ मे २०२४ च्या रात्रीं लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या आकाशांत छायाचित्रकांनीं टिपली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होत असे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाची तेथील नोंद जगांतील शास्त्रज्ञ आजही काढून पाहतात.

ह्या कुलाबा वेधशाळेचा आणि टिळकांचा धागा एका माणसाच्या द्वारें जुळतो. केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांस सारें पुणें केरूनाना म्हणे, हे अलिबागजवळच्या नागांवचे. तरुणपणीं त्यांनीं कुलाब्याच्या वेधशाळेंत वर्षानुवर्षें काम केलें आणि मग पुण्यास गणित व शास्त्र शिकविण्यास आले. डेक्कन कॉलेजांत टिळक त्यांचे विद्यार्थी झाले. गुरूची आकाशाकडे पाहण्याची संवय शिष्यानें उचलली. टिळकांनीं कॉलेजच्या पहिल्या वर्षीं अभ्यास बाजूस ठेवून तालीम व पोहणें ह्यांनीं शरीर कमावलें, हें मुलांना माहीत असतेंच, कारण अभ्यास टाळावयास तें उदाहरण सोयीचें पडतें! पण पुढें गणित घेऊन पहिल्या वर्गांत ते बी. ए. झाले, हेंही त्यासोबत लक्षांत ठेवावें. १८७९ सालीं त्यांनीं वकिलीची परीक्षाही दिली.

वकिली मात्र केली नाहीं. १८८० च्या आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढच्या वर्षीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस झाले. नंतर फर्ग्युसन कॉलेज, तेथें गणिताची अध्यापकी, मतभेद, व १८९० मध्यें राजीनामा. त्याच वर्षीं पुण्याच्या पंच हौद मिशनमध्यें कांहीं नामांकित मंडळींसमोर चहा आला, त्यांत टिळकही होते, आणि त्या चहाच्या ग्रामण्यानें पुणें कित्येक महिने दुमदुमलें. हा भाग आम्ही घाईनें सोडतों. एवढें मात्र प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, संमतिवयाच्या बिलाला त्यांनीं केलेला विरोध आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर त्यांच्या केसरीनें धरलेला रोख आम्हांस पटत नाहीं. मोठ्या माणसाचें चरित्र लिहितांना न पटणारीं पानें चिकटवून टाकूं नयेत, असें आम्ही वर्गांत सांगतों. मग येथें स्वतःच तसें कसें करावें?

राजकारणाच्या ह्या गर्दींत टिळकांचा एक वेगळा व्यासंग चालू होता. वेद किती जुने? ह्या प्रश्नाला त्यांनीं ताऱ्यांच्या साहाय्यानें उत्तर शोधिलें. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’ नांवाच्या इंग्रजी ग्रंथांत त्यांचें म्हणणें असें कीं, वसंतसंपात मृगनक्षत्रांत असतांनाच्या आठवणी वैदिक वाङ्मयांत आहेत. संपात हळूहळू मागें सरतो, त्याची गति ठाऊक आहे, म्हणून गणितानें तो काळ इसवी सनापूर्वीं चार हजार वर्षांच्या आसपास येतो. जर्मनींत याकोबी नांवाचे पंडित त्याच सुमारास स्वतंत्रपणें अशाच निर्णयास आले होते. ऑक्सफर्डचे मॅक्समुल्लर ह्यांना हा काळ मान्य नव्हता.

मग १८९७ सालची प्लेग आली. पुण्यांतील बंदोबस्ताबद्दल लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. केसरींतील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व सप्टेंबरांत अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली गेली. कोठडींत काथ्याचें काम वांट्यास आलें. अन्न पचेना, वजन फार उतरलें. संध्याकाळ झाली कीं कोठडींत अंधार, आणि सकाळपर्यंत करण्यासारखें कांहीं नाहीं. वाचण्यावर ज्याचा जीव, त्याला ही खरी शिक्षा होती.

येथें ऑक्सफर्डच्या मॅक्समुल्लरांनीं जें केलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. टिळकांचें मत त्यांना पटलें नव्हतें. टिळकांचें राजकारण तर त्यांच्या विचारांतही नसेल. तरी त्यांनीं आपण संपादिलेल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ति टिळकांना धाडली, त्यांना सौम्य वागणूक मिळावी म्हणून सरकारकडे गेलेल्या अर्जावर सही केली, आणि त्या खटपटीचें एक फळ म्हणून रात्रीं कांहीं वेळ दिवा लावून वाचण्याची सवलत कैद्यास मिळाली. गंमत अशी कीं, ज्या मॅक्समुल्लरांनीं जन्म संस्कृताच्या सेवेंत घालविला, त्यांनीं हिंदुस्थान कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. आणि त्यांनीं पाठविलेलें पुस्तक उघडून जो मनुष्य उत्तरध्रुवाकडे निघाला, त्यानेंही तो ध्रुव कधीं पाहिला नाहीं.

त्या दिव्याच्या उजेडांत टिळक उषेचीं सूक्तें वाचूं लागले. ऋग्वेदांत उषेवर सुमारें वीस सूक्तें आहेत. आपल्याकडची पहांट ती केवढी! कोंबडा आरवल्यापासून गाई सोडण्याच्या आंत ती संपते. एवढ्याशा वेळावर इतकी स्तुति कां? सूर्य उगवण्यापूर्वीं ऋत्विजानें हजार ऋचा म्हणाव्या असा विधि आहे, तो तासाभराच्या पहांटेंत कसा बसावा? तैत्तिरीय संहितेंत तीस उषा भगिनी कां म्हटल्या आहेत? रात्रीचा पार लागेल कीं नाहीं, अशी धास्ती ऋषींना कां? आणि देवांचा दिवस सहा महिन्यांचा व रात्र सहा महिन्यांची, ही समजूत आली कोठून? ह्या साऱ्या कुलुपांना एकच किल्ली लागते असें त्यांना वाटलें. ज्या प्रदेशांत वर्षांतून एकदांच सूर्य उगवतो, पहांट कित्येक आठवडे टिकते, आणि तिचा उजेड कुंभाराच्या चाकासारखा क्षितिजाभोंवतीं फिरत राहतो, त्या प्रदेशांत हीं स्मरणें जन्मलीं असावीं.

सप्टेंबर १८९८ मध्यें, मुदतीच्या सहा महिने आधीं, टिळक सुटले. त्या वर्षाच्या अखेरीस ग्रंथाचा पहिला खर्डा लिहून झाला होता, पण तो त्यांनीं लगेच छापला नाहीं. भूगर्भशास्त्र, भाषाशास्त्र, पारश्यांचा वेंदिदाद, सारें तपासून पाहिलें. वेंदिदादांत ऐर्यन-वेज नांवाच्या मूळभूमीवर हिंवाळ्याचें संकट आलें व दहा महिने थंडी पडूं लागली, अशी कथा आहे. यिमानें बांधलेल्या वाड्यांत वर्ष म्हणजे एक दिवस वाटे, असेंही तेथें आहे. टिळकांच्या मतें हिमयुगाच्या बर्फानें ती ध्रुवभूमि उद्ध्वस्त केली, आणि तेथून निघालेले लोक दक्षिणेस आले. ‘वेदांतील आर्क्टिक गृह’ ह्या अर्थाचें नांव असलेला हा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील बराच भाग सिंहगडावर सिद्ध झाला. मॅक्समुल्लर तो पाहावयास राहिले नव्हते. ते १९०० सालींच निवर्तले.

एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. ध्रुवाविषयींच्या प्रकरणांत टिळकांनीं ज्यांचा पुष्कळ आधार घेतला ते विल्यम फेअरफील्ड वॉरन हे अमेरिकेंतील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व बोस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते. १८८५ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं एदेन बाग उत्तरध्रुवावर होती असें प्रतिपादिलें होतें! एकानें बायबल हातीं धरून जावें, दुसऱ्यानें ऋग्वेद, आणि दोघांची गांठ बर्फांत पडावी, असा हा योग आहे.

आणि ध्रुवप्रकाश? तोही टिळकांना एका ठिकाणीं दिसला. महाभारताच्या वनपर्वांत, पांडवांच्या तीर्थयात्रेच्या भागांत, मेरुपर्वताचें वर्णन आहे. सूर्य-चंद्र त्याला रोज प्रदक्षिणा घालतात, तेथल्यांना वर्षाचा एक अहोरात्र होतो, आणि पर्वताच्या स्वतःच्या तेजानें अंधार असा हटतो कीं रात्र व दिवस ओळखूं येत नाहींत. मेरूचा हा प्रकाश कसला? टिळकांनीं सांगितलें कीं तो ध्रुवप्रकाशच होय. पुराणिकाच्या तोंडून हजारदां ऐकलेली ओळ, पण तिच्यांत आकाशांतील एक खरी घटना असूं शकेल हें सुचण्यास मन किती उत्तरेस गेलेलें असावें लागतें! त्याच काळांत नॉर्वेचे नान्सेन ‘फ्राम’ नांवाचें जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेऊन तीन वर्षें त्या समुद्रांत वाहत गेले होते. जहाज सोडून निघालेले ते व एक सोबती १८९५ च्या एप्रिलांत शहाऐंशी अंश चौदा कलांपर्यंत पोंचले. ध्रुवप्रकाशाचीं चित्रें नान्सेननीं स्वतः काढिलीं. त्यांचा प्रवासवृत्तांत जगभर वाचला जात होता त्या १८९७ सालीं टिळक कोठडींत होते.

आतां ज्या प्रश्नाला बगल देणें बरें नव्हे तो असा: टिळकांचें म्हणणें खरें कीं खोटें? आजचे पंडित तें मान्य करीत नाहींत. शेवटचें हिमयुग संपल्यास सुमारें अकरा हजार सातशें वर्षें झालीं हें भूगर्भशास्त्र सांगतें, आणि हा आंकडा टिळकांच्या आंकड्यापासून फार दूर नाहीं. परंतु त्या हिमयुगाचा आरंभ सुमारें एक लक्ष पंधरा हजार वर्षांपूर्वींचा आहे. त्यापूर्वींच्या उबदार काळांतील आठवण कोणत्याही भाषेनें इतका काळ संभाळली असेल हें संभवत नाहीं. ऋग्वेदाच्या भाषेचें मूळ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ काळ्या समुद्राच्या व कास्पियन समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांत शोधतात. उषेच्या ऋचांचे अर्थही निराळे लागतात. टिळकांच्या हयातींतच पुण्याच्या नारायण भवानराव पावगी ह्यांनीं त्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहून आर्यांचें मूळस्थान सप्तसिंधूंच्या देशांतच ठरविलें होतें, पण तेंही मत टिकलें आहे असें नाहीं.

मग हा ग्रंथ वाचावा कां? आम्हांस विचाराल तर, वाचावा. अनुमान चुकलें तरी प्रश्न चुकले नव्हते. पहांट किती वेळ टिकते, हा प्रश्न घड्याळ घेऊन कोणालाही विचारतां येण्याजोगा आहे, पण तो पोथीला कोणी विचारला नव्हता. आणि त्यांनीं आपला पुरावा उघड मांडला, म्हणूनच पुढच्यांना तो खोडतां आला.

पुढचें चरित्र सर्वांस ठाऊक आहे. २२ जुलै १९०८ रोजीं पुन्हां राजद्रोहाखालीं सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना ब्रह्मदेशांत मंडालेस नेलें. ह्या खेपेस पुस्तकें होतीं. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत पेन्सिलीनें ‘गीतारहस्य’ लिहिलें गेलें. जर्मन, फ्रेंच व पाली ह्या भाषांचाही अभ्यास त्यांनीं तेथें केला. १९१२ सालीं पुण्यास पत्नी वारली, ती बातमी त्यांना तुरुंगांतच कळली. १९१४ च्या जूनमध्यें ते घरीं आले तेव्हां अठ्ठावन्नावें वर्ष पुरें होत आलें होतें आणि मधुमेहानें शरीर पोखरलें होतें.

उत्तरेच्या ह्या यात्रेकरूचा देहही एकदां खरोखर उत्तरेस, लंडनला गेला. चिरोलसाहेबावरील बेअब्रूच्या फिर्यादीसाठीं ते १९१८ मध्यें निघाले व १९१९ च्या नोव्हेंबरांत परतले. लंडन साडेएकावन्न अंशांवर आहे. तेथें ध्रुवतारा पुण्याहून तेहेतीस अंश उंच दिसतो. डिसेंबरांत दिवस आठ तासांचाही नसतो, आणि जूनांत सूर्य मावळल्यावरही संधिप्रकाश उत्तरेकडे रात्रभर रेंगाळतो. जें आयुष्यभर पुस्तकांतून वाचलें त्याची थोडी चुणूक त्या दोन ऋतूंनीं दिली. आर्क्टिक वृत्त तेथून आणखी पंधरा अंश. पण फिर्याद हरली, खर्चाचा डोंगर झाला, काँग्रेसच्या शिष्टमंडळाचें काम मागें होतें. पंधरा अंश राहून गेले.

१ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस सरदारगृहांत त्यांचें देहावसान झालें. वेदकालनिर्णय व वेदांगज्योतिष ह्यांवरील त्यांचें लिखाण मागें राहिलें होतें, तें १९२५ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आलें.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा ह्या कथेशीं जो संबंध आहे तो सांगून लेखणी ठेवतों. वणीचे माधव श्रीहरी अणे, ज्यांस लोक बापूजी म्हणत, हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. यवतमाळास वकिली करीत करीत ते वऱ्हाडचे पुढारी झाले. म्हातारपणीं त्यांनीं आपल्या गुरूचें चरित्र रचलें तें संस्कृतांत, श्लोकबद्ध, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ ह्या नांवानें. १९६८ सालीं बापूजी वारले. त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यानंतर १९७३ सालीं मिळाला. चित्रें दाखविणाऱ्या त्या विद्यार्थ्यास आम्ही हें सांगितलें, तेव्हां त्यानें लगेच विचारिलें कीं त्यांत ध्रुवाची गोष्ट आहे काय. संस्कृत शीक आणि स्वतः काढून पाहा, असें आम्ही त्याला सांगितलें आहे.